दोघांतून एक धानोऱ्याला

२६ जून १९८६
शाळा उघडली. ८वीच्या खोलीत बाकं जास्त, पोरं कमी. मागच्या साली ब तुकडीत दाटीवाटी होती, यंदा अ आणि ब मिळूनही एक खोली भरत नाही. नाल्यापलीकडच्या टोलीच्या वस्तीवर दुसऱ्या संस्थेने शाळा काढली, तिकडची पोरं तिकडेच राहिली. मु.अ. ढवळे सर म्हणाले, "पाहू." काय पाहणार ते नाही सांगितलं. ब्रह्मपुरीची शेवटची बस थोडक्यात मिळाली.

२८ जून
ढवळे सरांनी मला आणि शेख सरांना बोलावलं. पट असाच राहिला तर ब तुकडी बंद. भाषेचे आम्ही दोघं, त्यातला एक अतिरिक्त. संस्थेच्या धानोऱ्याच्या शाळेत पोरं वाढलीत, तिथे जागा आहे. म्हणजे दोघांतून एक धानोऱ्याला. तिथून रोज ये-जा होत नाही, राहायलाच जावं लागेल.
आम्ही एकाच दिवशी रुजू झालो. अशा वेळी वयाने मोठा तो सीनियर. शे. मोठे. म्हणजे जाणार मीच, मग राहिलं काय ठरायचं? तरी ढवळे सर, "अजून नक्की नाई, बाई." शे. खाली बघत होते. त्यांच्या कानावर हे आधीच आलं असावं.

२९ जून, रवि.
ह्यांना सांगितलं. तहसिलीत बाबू आहेत, नियम पाठ. म्हणाले, "जा लागलं तं जाशीन. आईचं पाहू आपण." सासूबाईंना लकवा झाल्यापासून कूस बदलून द्यायलाही माणूस लागतो. कोण पाहील? हे? इतकं थंडपणे बोलले की रात्रीचं जेवण गेलं नाही.

३ जुलै
शे. हल्ली माझ्यासोबत डबा खात नाहीत. रुजू झाल्यापासून एका टेबलावर बसतो, त्यांच्या घरचं लोणचं मला, माझी तरोट्याची भाजी त्यांना. आज म्हणे भूक नाही. संध्याकाळी बसकडे जाताना पाहिलं, त्यांची सायकल ढवळे सरांच्या अंगणात.

६ जुलै, रवि.
पोरं परत आणली तर तुकडी वाचेल म्हणून टोलीवर गेले. नाल्याला गुडघ्यावर पाणी, लुगडं खोचून उतरले. पहिलंच घर आपल्या शेवंताचं, गेल्या साली ७वीत होती. तिची आई म्हणाली, "बाई, तुमचे शेख सर तं उन्हाळ्यातच येऊन गेले. म्हणे पोरीले इथंच टाका. पाण्यातून कितीक दिवस धाडसान?"
पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढे गेलेच नाही.
आपल्या शाळेचा मास्तर दुसऱ्या शाळेसाठी घरं फिरतो. आणि तुकडी तुटली की कोण जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

७ जुलै
विचारलं तोंडावर. शे. गडबडले नाहीत.
"हो, मीच सांगलो. पाणी चढलं का पोरी घरी बसून राह्यत. शेवंताचं तं लगन जमवून राह्यले होते."
"आणि तुकडी?"
"तुकडीचं तवा डोक्यात नाई आलं, बाई."
नाही आलं? दोन तुकड्या, दोन मास्तर. हे कळायला काय लागतं? पण काल शेवंता पुस्तक घेऊन दारात बसली होती, हेही डोळ्यांनी पाहिलं. शे. वर धड रागावताही येत नाही, म्हणून जास्त चीड.

१५ जुलै
भाताच्या रोवणीला निम्मी पोरं बांध्यांत, आणि नेमके आजच साहेब तपासणीला. डोकी मोजली. ब तुकडी बंद.
शे. च्या बायकोचे दिवस भरत आलेत. ढवळे सरांकडे खेटे त्यासाठीच घालत असणार, आपल्याला हलवू नका म्हणून. त्यांच्या जागी मी असते तर? तरी वाईट वाटलंच.

२० जुलै, रवि.
ट्रंक काढून पुसून ठेवली. हे सकाळीच बाहेर पडले, दुपारी आले. "कुठी गेले होते?" "काम होतं." पायांना घोट्यापर्यंत चिखल. तहसिलीचा रस्ता तर डांबरी. आणि आज सुट्टी.

२८ जुलै
ऑर्डर आली. नाव शेख सरांचं.
ढवळे सरांना दोनदा विचारलं. "वरून आलं, बाई. तुमचं भलं झालं ना? मग कायले खोदता?"
स्टाफरूममध्ये मी शिरले तसं बोलणं थांबलं. सगळ्यांनी धरलंय, मीच वशिला लावला. शे. एकटेच नेहमीसारखे बोलले, ते सगळ्यात कठीण गेलं.
घरी सांगितलं. हे म्हणाले, "चांगलं झालं." नवल नाही, प्रश्न नाही. नियम पाठ असलेला माणूस, आणि नियम उलटा कसा फिरला हे विचारत नाही?
"तुम्ही कोणाले भेटले होते काय?"
"मी कायले कोणाले भेटू?"
आणि हे सासूबाईंना भरवायला उठून गेले.

१ ऑगस्ट
शे. निघाले. शाळेतलं कोणी आलं नाही, मी गेले स्टँडवर. बायको सीटवर जपून बसली होती, पाठीला उशी.
"सर, खरं सांगा. तुम्ही स्वतःहून नाव दिलं?"
"कोणाचं तरी येणारच होतं."
"घरी अशी वेळ असताना?"
"धानोऱ्याले दवाखाना आहे, बाई."
म्हणजे दिलं की नाही? बस हलली तसं खिडकीतून म्हणाले, "भाऊले सलाम सांगजा."
भाऊ म्हणजे हे. दोघांची गाठ मी कधी घालून दिली नाही. शे. कधी ब्रह्मपुरीच्या घरी आले नाहीत, हे कधी शाळेकडे फिरकले नाहीत. मग तो रविवारचा चिखल?
घरी येऊन ह्यांना निरोप दिला. "बरं," म्हणाले. कोण शेख, कशाचा सलाम, काही नाही.

१० ऑगस्ट, रवि.
काल ढवळे सरांकडून कळलं, शे. ना मुलगी झाली. दोघी सुखरूप. जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "मग पुढच्या रविवारी जाऊन येऊ धानोऱ्याले. शेजारच्या काकू बसतील आईजवळ."
"तुमची अन् शेख सरांची ओळख कधी झाली?"
"अशीच."
"अशीच म्हणजे?"
"भात वाढ थोडा."
वाढला. विनवणी केली असेल ह्यांनी? की दमात घेतलं असेल, तहसिलीतला माणूस म्हणून? की शे. नेच आधी बोलावून घेतलं? तिन्ही पटतात, तिन्ही पटत नाहीत. विचारून काही हाती लागणार नाही, दोघंही सारखेच.
जाऊ म्हटलं. बाळाला टोपरं घेतलं पाहिजे. दोघं समोरासमोर आले की आधी कोण नजर चुकवतो, तेवढं बघणार आहे.