पाऊणपट, आणि वर दीड तास

प्रिय मजीदचाचा,

चाचीचं शिलाई मशीन कोरडं आहे! आधी हेच सांगते, कारण तुम्ही आधी हेच विचारलं असतंत. काल सावित्री नदीचं पाणी आपल्या आळीत शिरलं, तुमच्या घरात गुडघाभर चढलं आणि संध्याकाळपर्यंत उतरलं. मशीन आमच्या माडीवर सुखरूप होतं. आज सकाळी चिखल काढता काढता चाची म्हणाली, "त्यांना कळवलास काय गो?" आता तुम्हाला कुठल्या नंबरवर कळवू? म्हणून ऑफिसला दांडी मारून कागद घेऊन बसलेय.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आठ महिने मी तुमच्यावर रागावलेय, माहीत आहे? इतकी काय घाई होती? माझं एक काम राहिलं होतं ना तुमच्याकडे!

आठवतं, घाटावरच्या शेडला आपण ते पाणी मोजायचं यंत्र बसवलं तेव्हा? पुण्याच्या कंपनीचं काम मी घरूनच करते, आणि शनिवार-रविवार असले उद्योग. यंत्र खाली आवाज सोडतं, तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, असं मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात समजावत होते. तुम्ही म्हणालात, "म्हंजे विहिरीत हाक मारल्यासारखा!" झालं. माझं अर्ध्या तासाचं भाषण तुम्ही एका वाक्यात संपवलंत.

यंत्राच्या डब्यात पावसाचं पाणी शिरायला लागलं, तेव्हा टेंपोच्या काचेची जुनी रबरपट्टी तुम्हीच आणून बसवलीत. मग कुंभारीण माशीने सेन्सरच्या तोंडात मातीचं घर केलं, आणि बाहेर लख्ख ऊन असताना माझा मोबाईल दोन दिवस पूर आला म्हणून बोंबलत होता! "काठाला ग्रीसचा हात फिरव," तुम्ही म्हणालात. माशी परत आली नाही. मीही एक शिकले: एका मोजणीवर भरवसा ठेवायचा नाही, पाच घ्यायच्या आणि मधली धरायची.

पण गेल्या पावसात मी काय केलं? सकाळी पाणी उतरताना दिसलं आणि अख्ख्या आळीला मेसेज टाकला, "पाणी ओसरतंय, सामान खाली आणा." तुम्ही जिन्यात उभे राहून सांगत होतात, "थांब गो, भरती यायची हाय. पाणी वरसून येतं तसा खालसून पण येतं." मी हसले, चाचा. हातातला मोबाईल दाखवून हसले. तुम्ही मुकाट्याने सगळ्यांबरोबर मशीन खाली नेलंत. का नेलंत? एक मुस्काटात द्यायची होतीत मला! तीन वाजता पाणी परत आलं आणि चाचीचं मशीन मोटरीसकट गेलं.

तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. तुमचा इरफान मात्र दोहाहून फोनवर कडाडला, "आता अजून एकदा सामान बुडाला तर घर विकायचा. अम्मी इकडे येल." खरं होतं त्याचं. चाची आठवडाभर रडत होती, आणि मी तिच्या समोर जात नव्हते.

नंतर तुम्ही मला बसवून हिशोब शिकवलात. लहानपणी वडिलांच्या होडीवर, बाणकोटच्या खाडीत पाठ केलेला. चाँदाची तारीख घ्यायची, त्यात एक मिळवायचा, त्याची पाऊणपट करायची. पहिला चाँद, एक मिळवला, दोन. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता खाडीच्या तोंडाशी भरती. "आनि महाडला पोचायला वर दीड तास," असं बोट उगारून सांगितलंत. मी म्हटलं, पुढच्या वेळी यंत्रात घालते. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी! आणि तुम्ही थंडीत गेलात.

तुमचा चाळिसावा झाल्यावर बसले यंत्राचा प्रोग्राम लिहायला. भरतीची कोष्टकं मिळाली, पण सगळी समुद्रकिनाऱ्याची. तुमचा दीड तास कुठेच नव्हता, चाचा. तो फक्त तुमच्याकडे होता. मेसेजचे शब्दही मग तुमचेच घातले.

काल अकराला पाऊस थांबला, ऊन पडलं, पायरीवरचं पाणी मागे सरलं. आळीत लगेच खाट-कपाटं खाली यायला लागली. चाचीला तर सहा ब्लाउज द्यायचे होते. ती नव्या मशीनला हात घालून म्हणाली, "धर गो दुसऱ्या बाजूनी." तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने चष्मा लावून वाचलं, "थांबा गो, भरती यायची हाय. पावणेचारपर्यंत काय खाली आणू नका."

ती जिन्यातच बसली. दोनदा वाचलं. मग खाली आळीत अशी ओरडली, की निघालेली कपाटं परत वर गेली. कुणी कुरकुरलं, कुणी माझ्या मागच्या पराक्रमाची आठवण काढली. तीन वाजले, काही नाही. साडेतीन, काही नाही. मी बोटांवर तुमचा हिशोब परत परत करून पाहिला, खोटं कशाला बोलू? मग गटारातून पाणी उलटं वर यायला लागलं. पावणेचारला ते तुमच्या खाटेच्या पट्टीला टेकलं आणि तिथेच थांबलं.

आज इरफानचा फोन आला. चाची खराटा हातात धरूनच बोलली, "मना कशाला नेतोस? माझा माणूस अजून सांगतो ना मना भरतीची येळ."

चाचा, चाचीचं मशीन पुन्हा भिजू देणार नाही, हा माझा शब्द. दर महिन्याला चाँद दिसला की यंत्राची तारीख चाचीकडून तपासून घेईन. आणि जिन्यात उभं राहून कुणी मला "थांब गो" म्हटलं, तर मोबाईल खिशात ठेवून आधी ऐकून घेईन.

तुमची,
माडीवरची वैशू