गेरूचा नंबर

मार्च १९४१

जगदेवदादा,

तू नागपूरच्या गिरणीत गेला त्याले सात वर्षं झाले. पण यंदाच्या खानेसुमारीत माणसं मोजताना मी तुले घरीच हजर लिहिलं.

हे काम मास्तराच्याच गळ्यात पडते. गेरूचा डबा घेऊन मी दारोदार नंबर टाकून राह्यलो होतो आन् पाटील मांगं मांगं. म्हणे, "मास्तर, आपलं गाव शेजारच्या किन्हीराजापेक्षा मोठं दिसलं पाह्यजे. बाहेर गेलेले सारे हजर लिहा." मी लिहिले.

नाल्यापलीकडं निजामाच्या मोगलाईतून आलेले मजूर राह्यतात. सहा वर्षांपासून गावचा कापूस तेच वेचतात, त्याइचे लेकरं इथंच झाले. पाटील म्हणे, "त्याइले लिहू नका. उद्या गावठाणात जागा मांगतील."

तिथल्या गोजराबाईनं झोपडीच्या तोंडाची, कापसाच्या पऱ्हाट्याची ताटी शेणानं सारवून ठेवली होती, नंबर नीट उमटावा म्हणून. "गुरुजी, आमचा नंबर?"

"नंबर दारावर टाकतात. तुले दार कुठं हाय?" मी म्हटलं. डब्यात गेरू अर्धा शिल्लक होता.

तो गेरू अजून नखातून जात नाही. त्या हातानं भाकर मोडतो त मले किळस येते.

नागपुरात तुझ्याही खोलीवरून असाच एखादा मास्तर डबा घेऊन पुढं गेला असन.

हे पत्र मी टाकत नाही. सरकारी कागदावर तू घरीच हाय. घरातल्या माणसाले कोणी पत्र टाकते काय?

तुले घरी बसवणारा,
रामकिसन