सत्काराचा महिना

३ जानेवारी, शनिवार

आणखी एक शाल. ही मरून, कडेला सोनेरी पट्टी. कपाटात जागा उरली नाही. एक आईला दिली, एक सासूबाईंना गावी पाठवली, एकीवर मी इस्त्री करते.

आज शाळेत सत्कार होता. मिथुनला स्टेजवर मधोमध बसवलं. माईकवरच्या बाईंनी सीमेवरच्या गोळाबारीचं असं वर्णन केलं, जसं काही त्याच तिथे होत्या. टाळ्या. मिथुन उठला, "जय हिंद" म्हणाला, बसला. रिक्षात मी विचारलं, "बरं वाटलं का रे?"

"हं."

ऑगस्टमध्ये फौजेतून घरी आला तेव्हापासून हेच चाललंय. डावा कान गेला. खांद्यात छर्रे आहेत, पण डॉक्टर म्हणतात ते राहू देत. बाकी धडधाकट. पण माझा नवरा कुठाय? पोस्टिंगवर असताना फोनवर इतका बोलायचा की मीच म्हणायचे, ठेव आता, भाजी करपतेय. आता घाटकोपरच्या या खोलीत आम्ही दोघंच, आणि बोलतो तो फक्त टीव्ही.

७ जानेवारी, बुधवार

कुकर वापरणं सोडलं. शिट्टी झाली की तो भिंतीला चिकटतो, आणि मग दिवसभर माझ्याकडे बघत नाही. लाजतो, दुसरं काय. डाळ पातेल्यात लावते. पहाटे उठून डाळ, मग डबे, मग मुलुंडला दातांच्या क्लिनिकमध्ये दिवसभर "बसा, नंबर येईल". घरी आले की परत डाळ.

कुणाला तरी दाखवूया म्हटलं तर म्हणतो, "मी वेडा नाही, चेतना." विषय संपला.

९ जानेवारी, शुक्रवार

क्लिनिकमधली रुचिरा गोवंडीला राहते. आज जेवताना म्हणाली, "तुझा नवरा रोज आमच्याकडे दिसतो गं. काल मेडिकलमध्ये मोठ्यांचे डायपर घेत होता."

मला वाटत होतं तो सकाळी चालायला जातो. डबा घेऊन चालायला कोण जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विचारायला तरी डोकं कुठे शिल्लक होतं?

जे मनात आलं ते इथे लिहीत नाही. चांगलं नव्हतं.

१० जानेवारी, शनिवार

सरळ विचारलं. भांडायच्या तयारीनेच उभी होते.

"उद्या सुट्टी आहे ना तुझी? चल माझ्याबरोबर," म्हणाला. बस, एवढंच.

११ जानेवारी, रविवार

गोवंडीत बैठी खोली. वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास थेट आत. कॉटवर एक म्हातारे गृहस्थ, भाऊराव. कमरेखालचं अंग जवळजवळ गेलंय. एकाहत्तरच्या लढाईत होते. माजी सैनिकांच्या दवाखान्यात मिथुनला भेटले. त्या दिवशी त्यांना रिक्षातून उतरवायला कुणी नव्हतं. मिथुनने उचलून घरात आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज जायला लागला.

मी दारातच थांबले. मिथुन त्यांची दाढी करत होता. आणि बोलत होता! "उस्ताद, हलू नका, मिशी जाईल." फौजेत मोठ्याला उस्ताद म्हणतात म्हणे. भाऊराव म्हणाले, "जाऊ दे, मीरा तरी कुठं बघती माझ्याकडं." मिथुन हसला. मोकळा, आवाज काढून. मला वाटलं, कुणीतरी माझी वस्तू घेऊन इथे लपवून ठेवलीये.

मीराताई, त्यांची बायको, मला चुलीपाशी घेऊन बसल्या. म्हणजे गॅसच, पण त्या चूलच म्हणतात. हळू आवाजात म्हणाल्या, "पन्नास वर्सं झाली गं लग्नाला. ह्या माणसानं मला लढाईतला एक शब्द सांगितला नव्हता. तुझा नवरा आला आन् पहिल्याच दिवशी समदं बाहेर. मी चहा गाळत होते. पडद्यामागं उभी राहून ऐकलं. नदी व्हती म्हणं. ह्यांच्या हातातून ह्यांचा दोस्त सुटला."

चहा गाळून झाला तरी गाळणी हातातच होती.

"मला आपलं वाटायचं, माझ्यावरच राग हाय."

१२ जानेवारी, सोमवार

दिवसभर मीराताईंचं तेच वाक्य डोक्यात. दोन पेशंटच्या फायलींची अदलाबदल केली. डॉक्टर ओरडले.

१५ जानेवारी, गुरुवार

कॉलनीतल्या मंडळाचा नंदकुमार आला होता. सव्वीस तारखेला मैदानावर झेंडावंदन, मिथुनचा जाहीर सत्कार, बॅनर छापायला टाकलाय. विचारायला नाही, सांगायला आला.

मिथुन म्हणाला, "भाऊराव येणार असतील तर मी येतो. शाल त्यांना."

"कोण भाऊराव?"

मी सांगितलं.

"एकाहत्तर? अरे यार, ते कुणाला आठवतंय आता? तू ताजा आहेस, पब्लिकला तू पाहिजे."

ताजा! बाजारातला बोंबील आहे का तो?

मिथुन शांतपणे म्हणाला, "मग राहू दे." नंदकुमारने बॅनरचा विचार केला असावा. म्हणाला, "बरं, बसवू त्यांना बाजूला."

जाताना जिन्यात त्याला गाठलं. म्हटलं, फटाके नकोत हं. अजिबात नकोत. "वहिनी, टेन्शन घेऊ नका."

१८ जानेवारी, रविवार

भांडण झालं. म्हणजे मीच भांडले. म्हटलं, "त्यांच्याशी बोलतोस. माझ्याशी का नाही? मी काय केलंय?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "उस्तादना सांगितलं तर त्यांना नवीन काही कळत नाही. तुला सांगितलं तर तू माझ्याकडे वेगळं बघशील."

"आत्ता कसं बघते?"

डबा उचलून गोवंडीला निघून गेला. मी कपडे धुतले. धुतलेलेच परत धुतले बहुतेक.

२२ जानेवारी, गुरुवार

अंग दुखतंय. तापबीप नाही, नुसतं दुखतंय.

२६ जानेवारी, सोमवार

मिथुनने सकाळीच जाऊन भाऊरावांना आणलं. आंघोळ घालून, पांढरा शर्ट घालून. शर्टावर मेडल. मीराताईंनी ते चिंचेने घासलं होतं. मागून व्हीलचेअर ढकलत मिथुन, साधा शर्ट, त्याची मेडल घरीच. लोक खुर्च्यांवरून वळून बघत होते. बॅनरवर मिथुन, खुर्चीत म्हातारा. कुणाला काही कळेना.

झेंडा झाला. नंदकुमारने शाल उलगडली आणि मिथुनकडे वळला. मिथुनने ती त्याच्या हातातून घेतली, वाकून भाऊरावांच्या खांद्यावर टाकली. माईक घेतला. मला वाटलं, आता जय हिंद. पण म्हणाला, "हे लढून आले तेव्हा यांना कुणी बोलावलं नव्हतं. एवढंच." आणि पाय जुळवून कडक सॅल्यूट केला. भाऊरावांनी हात उचलला, कपाळापर्यंत पोहोचला नाही, हनुवटीपाशीच थांबला. मीराताई माझ्या शेजारी पदर तोंडात धरून.

आणि तेव्हाच मैदानाच्या मागे माळ लागली. मोठी.

मिथुन पडला असं मला वाटलं. पडला नव्हता. त्याने भाऊरावांना व्हीलचेअरसकट खाली घेतलं होतं आणि त्यांच्यावर आडवा झाला होता, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं झाकून. मी धावले. खुर्च्या, माणसं, कुणाचा तरी पाय. सगळ्यांचे मोबाईल वर. जवळ पोचले तर मिथुन डोळे मिटून ओरडत होता, "खाली राहा! सुरेंदर, खाली राहा!" सुरेंदर कोण, मला माहीत नाही.

खालून भाऊरावांचा हात निघाला. मगाशी सॅल्यूटला पोहोचला नव्हता तो. मिथुनच्या केसांतून फिरत होता.

"फटाके हायेत बाळा. फटाके. घरी हायेस तू."

माळ संपेपर्यंत तेच म्हणत राहिले. मी मिथुनच्या पाठीवर हात ठेवून बसले. पाठ भट्टीसारखी तापलेली. कुणीतरी पाणी आणलं. नंदकुमार म्हणत होता, "मी सांगितलं होतं रे, कुणी लावली?"

भाऊरावांचं कोपर खरचटलं. बाकी काही नाही. शाल धुळीत पडली होती, मीराताईंनी झटकून घडी घातली.

२७ जानेवारी, मंगळवार

व्हिडिओ सगळीकडे गेलाय. खाली गाणं लावलंय. "रिअल हिरो" लिहिलंय. ओरडणं कापलं, फक्त झेप ठेवली. क्लिनिकमध्ये एका पेशंटने मलाच दाखवला, "बघा मॅडम, काय जिगर!" मी म्हटलं, बसा, नंबर येईल.

मिथुन झोपून आहे. भिंतीकडे तोंड करून. गोवंडीला गेला नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

मीच गेले गोवंडीला, क्लिनिकमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकून. भाऊरावांना पुसलं, कूस बदलली. मला जमत नव्हतं, तेच सांगत होते कुठे धरायचं. मिथुनबद्दल काही विचारलं नाही त्यांनी. निघताना म्हणाले, "पोरी, मी लई उशीर केला. मीराला विचार."

घरी येऊन मिथुनला ते जसंच्या तसं सांगितलं. भिंतीकडे तोंड होतं, पण जागा होता. चांगला कान वरच्या बाजूला होता.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मी पोहे परतत होते. मिथुन मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "चेतना, मला भीती वाटते. रोज वाटते. कुणाला तरी दाखवूया."

मी म्हटलं, "मलाही वाटते."

गॅस बंद केला. क्लिनिकला फोन करून सांगितलं, आज येत नाही. पोहे तसेच राहिले, आम्ही दोघं निघालो.