इंदूच्या मांडवातला मामा

गोळीबार चौक, नागपूर
एप्रिल १९७८

प्रिय इंदू,

अक्षर ओळखलं असशीलच. तरी सांगतो, मी चंद्रभान, तुझा सख्खा भाऊ. गेल्या महिन्यात जेलातून सुटलो. आपल्या जुन्या शेजाऱ्याकडे, धोंडबाकडे राहतो, त्याच्याच मागावर विणतो. प्रेमिलाचं लग्न ठरल्याचं त्याच्याकडूनच कळलं. मला पकडून नेलं तेव्हा ती तुझ्या कडेवर होती, नाक वाहत होतं तिचं. उमरेडला तुमचं बरं चाललंय म्हणे. गोपाळरावांचा दमा कसा आहे? त्यांना जप. तो माणूस मला जिवंत हवा आहे.

आणीबाणीत आमच्या जेलात इतिहासाचे एक मास्तर आणून टाकले होते, शरच्चंद्र नावाचे. दुपारी ते आम्हा जन्मठेपवाल्यांना गोष्टी सांगत. त्यातली एक मी पुन्हा पुन्हा सांगायला लावली. जोसेफ नावाचा एक इंग्रज विणकर होता, आपल्यासारखाच. मालकाचं कापड चोरलं जोसेफच्या सख्ख्या भावानं आणि कोर्टात नाव घेतलं जोसेफचं. गोऱ्यांनी स्वतःच्या माणसांनाही काळ्या पाण्यावर धाडलं होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. बेड्या घालून जहाजाच्या तळाशी कोंबलं, ऑस्ट्रेलियात उतरवलं आणि एका जमीनदाराच्या हवाली केलं. झाडं तोडायची, मेंढ्या राखायच्या, तोंड उघडलं की पाठीवर कोरडे. शिक्षा संपली, पण परत न्यायला कोण येणार? तिथंच राहिला. जमीन कसली, बायको केली, घर बांधलं. मग एक दिवस तोच भाऊ, विलायतेत खायचे वांधे झाले म्हणून, दारात येऊन उभा राहिला. जोसेफनं त्याला घरात घेतलं, जेवू घातलं, मरेपर्यंत सांभाळलं. फक्त त्याची बसायची जागा ठरवून दिली. भिंतीवर जिथं त्या जुन्या बेड्या टांगल्या होत्या, बरोबर त्यांच्याखाली. मास्तर म्हणायचे, केवढी ही क्षमा! मी मनात हसायचो. मास्तरांना सख्ख्याचा मार कधी बसला नव्हता.

सूतवाल्याच्या दिवाणजीला मागाचा दांडा हाणून कोणी ठार केलं, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि तुझ्या नवऱ्याला, गोपाळरावांना. मी दिवाणजीला उचलायला धावलो, म्हणून माझं धोतर रक्तानं भरलं. ‘माह्या भावानंच मारलं, साहेब,’ असं म्हणून तू पदरानं डोळे पुसलेस. सख्खी बहीण खोटं कशाला बोलेल? जज्जसाहेबांना पटलं. साक्षीच्या आदल्या दिवशी येऊन ‘दादा, माह्यासाठी आत जा’ एवढं म्हणाली असतीस, तर गेलो असतो गं. खरंच गेलो असतो. तू विचारलंच नाहीस. तुला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आता ऐकतो की मुलीचा मामा वारला, असं तू व्याह्यांना सांगून ठेवलंयस. धोंडबा म्हणतो, ‘काहून जिद्द करून राहिला गा, सोडून दे न.’ तो भला माणूस आहे. मी मात्र परवाच मुलाच्या बापाला भेटून आलो. मामा जिवंत आहे, जन्मठेप भोगून आला आहे, असं तोंडावर सांगितलं. म्हाताऱ्यानं मला आधी घोंगडीवर बसवलं. मग म्हणाला, ‘शिक्षा भोगली न तुमी? मंग या. मामाबिगर पोरगी बोहल्यावर उभी राहीन कशी?’ तेव्हा मंगलाष्टकांच्या वेळी प्रेमिलाच्या मागे मीच उभा राहणार, हे नक्की झालं आहे.

पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. मुलीच्या आईनं मांडवात भावानं आणलेलं लुगडं नेसायचं, ही आपली रीत. ते मी स्वतः विणून ठेवलंय. रेशीम नाही, जर नाही. कैद्यांच्या सदऱ्याचं असतं तसंच जाडंभरडं कापड, पांढऱ्यावर निळे पट्टे, पुरेपूर नऊवारी. हळदीच्या दिवशी घेऊन येतो. ते नेसून तू वऱ्हाडासमोर उभी राहिलीस, तर मी जेवून गुपचूप परत जाईन. नेसली नाहीस, तर खरं काय ते अख्ख्या मांडवाला सांगेन. ‘आई, असं लुगडं काहून नेसली वं?’ असं प्रेमिला विचारेलच. तिला काय सांगायचं ते ठरवून ठेव. मी तिच्या पाठीशीच उभा असेन, मला ऐकू येईल.

तुझाच, अजून जिवंत असलेला,
चंद्रभान