चांदी पिलांजवळ जाईना

"आज्जी, पिलांची पोटं पाहत जा. टम्म असली तर प्यायली समजायचं!" कळमनुरीला मामाकडं जाताना शिवकन्या जीपमधून ओरडून सांगून गेली होती. सोमेश्वरचे बाबा, आज पाहिलं तर चांदीच्या चारही पिलांची पोटं सुरकुतलेली. मी जपाला बसले, पण मन लागेना. माळ अर्धी ठेवून उठले.

काल दिवाबत्तीनंतर, नजर लागू नये म्हणून, मी सशांच्या पेटीत ऊद फिरवला. तेव्हापासून चांदी बिचकली. कोपऱ्यात बसून पाय आपटून राहिली, पिलांपाशी गेलीच न्हाई. तुमी म्हणाल, "देवाला बी आता सशाची राखण लावली का?" म्हणा, पण उठल्यावर ही चिठ्ठी वाचून एवढं करा. चांदीला अलगद धरून पिलांवर बसवा, ती आपोआप लुचतील. आधी तंबाखूचा हात साबणानं धुवा. माझ्या उदानं झालं तेवढं बास झालं.

सगळ्यात बारकं गार पडलंय, ते पदरात घेऊन खतीजाबीकडं चालले. तिची शेळी व्यालीय. दूध मागून तिथंच थेंब थेंब पाजते. घरच्या मुक्या जिवाच्या पोटात पडल्याबिगर मी घास घेत न्हाई, तुमाला ठाऊक आहे. चहाला थांबू नका.

पोरगी सांजच्या गाडीनं येऊन राहिली. "चारही दाखवीन," असा मी तिला शब्द दिलाय.

कडी लावत न्हाई, दार नुसतं लोटून जाते. चांदी दचकायला नको.