अकरा बेचाळीसचा परवाना

१४ नोव्हेंबर

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहिलं गेलं, म्हणून ते फाडून दुसरं घेतलं. आईच्या गुडघ्याचं तेल आणून ठेवलंय, रविवारी पोचवतो. धाकटीची परीक्षा कशी गेली?

वीज कचेरीत सगळं तसंच आहे. खुंटीवरचं दादाचं हेल्मेट अजून कोणी काढलेलं नाही.

अपघाताचा अहवाल तुम्ही वाचलात. “मयत लाइनमनने काम अपुरे असताना स्वतः अकरा बेचाळीस वाजता ॲपवरून परवाना परत केला.” तुम्ही मला फोनवर म्हणालात, “भाऊजी, मोबाइल स्कूटरच्या डिकीत होता, मीच काढला. हे वर खांबावर. मग बटण दाबलं कोणी?”

तुमचा संशय वीज सोडणाऱ्या ऑपरेटरवर. मीही त्याच्यावर घेऊन पाहिला, मग ॲपवर, मग साहेबांवर. ऑपरेटरच्या बायकोला तुम्ही दारातूनच परत पाठवलंत, तेव्हा मी आत बसलो होतो. परवा डबा खाताना ऑपरेटरने हळूच विचारलं, “दादाचा पासवर्ड कोणाकडे असायचा रे?” मी म्हटलं, “मला काय माहीत?” त्याने डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

पूर्वी परवाना म्हणजे लाइन बंद केल्याचा कागद, तो दादाच्या खिशात असायचा. खाली उतरून, सही करून तो परत देईपर्यंत ऑपरेटर वीज सोडत नसे. “कागद माझ्या खिशात, तोवर तार मेलेली,” असं दादा म्हणायचा. मग कागद बंद झाला आणि ॲप आलं. त्याच्या जाड बोटांना ती बारीक अक्षरं सापडत नसत. खाली उतरला की मला फोन करायचा, “काय बाबूसाहेब, झालं आमचं. दाबा तुमचं बटण!” मी माझ्या टेबलावरून त्याच्या नावाने परवाना परत करायचो. पासवर्ड त्यानेच दिला होता. तुमच्या लग्नाची तारीख.

परवाना दोन तासांच्या वर गेला की आमच्या स्क्रीनवर लाल रेघ उमटते आणि वरून विचारणा होते. त्या दिवशी साहेब दोनदा टेबलापाशी आले. “ती लाल रेघ घालवा आधी.” मी दादाला तीन फोन केले. त्याने उचलला नाही. काम उरकून चहाला थांबला असेल, असं मी धरून चाललो. याआधीही चार-पाचदा असंच धरलं होतं, आणि दर वेळी तसंच निघालं होतं.

वहिनी, बटण मी दाबलं. ऑपरेटरला परवाना परत आलेला दिसला, त्याने वीज सोडली. त्याची चूक नाही. दादाची तर नाहीच.

गुरुवारी चौकशी अधिकाऱ्यांना हे लेखी देणार आहे. तुम्हाला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये. आईला सांगू नका, असं लिहिणार होतो, पण ते ठरवणारा मी कोण?

तेल शेजारच्या मावशींकडे ठेवून जाईन. तुम्हाला दार उघडावं लागणार नाही.

त्या दिवशी दादाच्या नावाने परवाना परत केला. ही सही मात्र माझी आहे, माझ्या हातची.

धाकटा