नासपती, अननस आणि घरात न आलेलं केळं

आई, काल खीर नासली. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी वाचन होतं आणि वाचनानंतरची खीर एकेका घराकडे असते, हे तुला सांगायला नको. काल इथे धुळ्यात आमच्या घराची पाळी होती. बाजारात नासपती आली होती, अननसही होता, म्हणून ठरवलं की तुझीच खीर करायची. दोन्ही फळं साखरेत शिजवली, लवंगा टाकल्या, वरून गरम दूध ओतलं आणि बघता बघता सगळं फाटलं. संध्याकाळ तोंडावर आली होती. घाबरून मावशीला रावेरला फोन लावला, तर ती हसायलाच लागली. नासपती-अननसाची खीर तू कधी केलीच नव्हतीस म्हणे. ते नुसतं साखरेत आटवायचं, पोळीबरोबर खायला. मी विचारलं, मग विहारात आई कसली खीर न्यायची? मावशी म्हणाली, "केयाची. इथं माझ्या चुलीवर करे. दुसरी कशाची नेईल?"

इथे माझं डोकं फिरलं. कारण माझ्या हिशेबी तुला केळं चालतच नव्हतं. दीपनगरच्या क्वार्टरमधला तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी रावेरहून आले आहे, मावशीने दिलेली केळ्यांची फणी एसटीत मांडीवर सांभाळत आणली आहे. तू खिडकीच्या कट्ट्यावरची राख पुसते आहेस. औष्णिक केंद्राची ती राख तू सकाळ-संध्याकाळ पुसायचीस आणि ती परत यायची. फणी बघून तू म्हणालीस, "हे कशाला आणलंस?" आणि तशीच ओल्या हाताने ती शेजारी देऊन आलीस. मी तेवढ्यावरून सगळं ताडलं. तू लहानपणी आजीबरोबर दुसऱ्यांच्या बागेत केळीचे घड वाहिलेस, चिकाचे काळे डाग तुझ्या एकाही कपड्यावरून गेले नाहीत, मग नर्स झाल्यावर तुला केळं डोळ्यांसमोर कसं चालेल? तुझ्या शोकसभेत मी हे बोललेसुद्धा. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या घरात आजही केळं येत नाही, तुझ्या नावाने. केळ्यांच्या मुलखातल्या बाईचं घर आणि केळं नाही, म्हणून सासरी किती थट्टा झाली, ती मी मिरवत आले.

आणि मावशी म्हणते, "तिले आवडत नव्हतं? इथं आली का मांडी घालून खात बसे. तूच एकदा कॉलनीतून रडत आली व्हती. फ्रॉकवर चिकाचे डाग व्हते, पोरी तुले हसल्या. तवापासून तिनं घरात केयं ठेवलं नाही. नासपती-अननस तुझ्याच पायी सुरू केलं, बाहेरगावचं फय म्हनून."

आई, मला ते रडणं आठवत नाही. अजिबात नाही. फ्रॉक आठवतो, डाग आठवतात, पण त्या डागांसाठी मी रडले? मावशीचं वय झालंय, ती कुणा दुसरीचं रडणं माझ्या नावावर टाकत असेल. की मीच सोयीनं विसरले? मला आठवते ती दर पावसाळ्यातली वाटी. तू भुसावळच्या बाजारातून पिशवी भरून फळं आणायचीस, घरभर लवंगेचा वास सुटायचा आणि वाटी माझ्या हातात देऊन तू समोर उभी राहायचीस. नासपतीचा तो रवाळपणा मला कधीच आवडला नाही. पण तुझ्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणायचे, मस्त झालंय, अजून वाढ. मला वाटायचं, हा तुझा आवडता पदार्थ आहे, तुझं मन कशाला मोडा. तू स्वतः खायचीस का? पातेलं निपटताना दिसतेस, पण ते खाणं होतं की घासण्याआधीचं पुसणं, हे आता कोण सांगणार? तुझ्या मनात काय होतं तेच मला कळेनासं झालंय, आणि याचं वाईट वाटतं. तुझा रागही येतो. एकदा नुसतं विचारायचं होतंस. मीही विचारायला हवं होतं.

उरलेली फळं चिरली आणि दूध न घालता आटवली. नासपती मऊ होऊन अननसाच्या आंबटात मुरली. चव बघितली, तर चक्क आवडली. की दिवसभर उपाशी होते म्हणून, कोण जाणे. भरभर पोळ्या लाटल्या आणि विहारात तेच नेलं. बायांनी बोटं चाटत विचारलं, कुणाच्या हातचं शिकलीस. आईच्या, म्हटलं. आईला फार आवडायचं का, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? क्वार्टरमध्ये दुसरे लोक राहतात. राहू दे इथेच, ओट्यावरच्या साखरेच्या डब्याखाली. एक मात्र सांगते. काल विहारातून येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक केळं घेतलं. घरी येऊन ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. आवडलं. आणि साल टाकण्याआधी कुणी बघत नाही ना म्हणून मी दाराकडे पाहिलं.